शिंक्यातला कॉम्प्युटर

आमच्या गाडीत कॉम्प्युटर होता, असं आज कुणाला सांगितलं तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या वाटेवरच्या आमच्या वाडीत हे वाक्य म्हणजे चक्क थाप होती. वाडीत टेलिफोन एकाच घरी, आणि तोही पावसाळ्यात मुका. अशा ठिकाणी बाबा ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या गाडीत कंप्युटर हाय." ऐकणारा मान डोलवायचा आणि अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे गेला की हसायचा.

गाडी जर्मन बनावटीची, गडद हिरवी, तेव्हाच बारा-तेरा वर्षांची जुनी. मुंबईतला कुणी परदेशी साहेब आपल्या देशी परत गेला आणि गाडी इथेच राहिली, ती बाबांनी घेतली. बाबा बोटीवर इंजिनरूममध्ये होते. फायरमन म्हणून चढले आणि फिटर होऊन उतरले, त्याला तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांत इंजिनांच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते. मात्र नाक असं तिखट, की आई स्वयंपाकघरात असताना ओटीवरून ओरडायचे, "दूध लागला गो खाली!" आणि आई धावेपर्यंत खरंच लागलेलं असायचं.

त्या गाडीला कार्बुरेटर नव्हता. रत्नागिरीतले मेकॅनिक बॉनेट उघडून पहिल्यांदा तो शोधायचे आणि सापडला नाही की बाबांकडे असे बघायचे, जणू त्यांनीच तो काढून लपवलाय. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवायचा एक पत्र्याचा डबा. मोठ्या वहीएवढा, दोन बोटं जाड, पुढच्या सीटखाली बसवलेला, आणि त्यातून निघालेला तारांचा जाड जुडगा. तोच आमचा कॉम्प्युटर. त्याच्यावाचून ती गाडी म्हणजे नुसतं लोखंड होती.

तो डबा पहिल्यांदा जाळला माझ्या दादानं. हे मी दादाला दोष द्यायला सांगत नाही. उलट आहे, ते पुढे कळेल.

आमच्याकडे गाडी वर्षातले चार महिने झोपायची. मृग लागायच्या आत बाबा तिची बॅटरी काढायचे, वर नारळीच्या झापांची शेड घट्ट बांधायचे, आणि मग दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही असा नियम. त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर बॅटरी बसवायचं काम दादाकडे आलं. दादा तेव्हा बावीस वर्षांचा, शहरात जुन्या लॉऱ्यांच्या गॅरेजात कामाला. त्या इंग्रजी बनावटीच्या म्हाताऱ्या लॉऱ्यांमध्ये बॅटरीचं प्लसचं टोक बॉडीला जोडायची पद्धत होती. बाकी जगानं ती कधीच सोडली होती, पण दादाच्या हातांना तीच सवय. त्यात खाऱ्या हवेनं बॅटरीवरच्या खुणा खाल्लेल्या. त्यानं सवयीनं प्लस बॉडीला लावलं, एक ठिणगी उडाली, सीटखालून जळका वास आला आणि डबा गेला.

तिथे कुणीही नव्हतं. दादानं तारा सरळ करून ठेवल्या असत्या आणि डबा पावसाळ्यात आपोआप गेला असं म्हटलं असतं, तर बाबांनाही ते पटलं असतं. पण तो तसाच ओटीवर आला, काळे हात घेऊन, आणि म्हणाला, "बाबा, माझ्याकडनं बॅटरी उलटी लागली."

ओटीवर त्या वेळी चार माणसं बसलेली होती. कॉम्प्युटरच्या गप्पा ऐकायलाच आलेली. बाबा उठले आणि त्या चार माणसांसमोर त्यांनी बावीस वर्षांच्या मुलाच्या थोबाडीत मारली. म्हणाले, "माझ्या गाडीला हात लावायचा नाय. आणि माझ्या घरात पाय ठेवायचा नाय." दुसरं वाक्य त्यांना म्हणायचं नसावं, असं मला आजही वाटतं. पहिल्याच्या वेगात ते बाहेर पडलं. पण बाबा बोललेलं मागे घेणाऱ्यांतले नव्हते आणि दादा त्यांचाच मुलगा होता. बोटीवर नोकरी धरायला लागतं ते खलाशाचं पुस्तक त्याच्याकडे तयार होतं, बाबांनीच काढून दिलेलं. पंधरा दिवसांत तो मुंबईला गेला आणि तिथून बोटीवर.

मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. तेव्हा नुकतीच शहरातल्या एका शाळेत शिकवायला लागले होते. रोज सकाळी एस्टीनं जायचं, संध्याकाळी परत. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून दादाची पत्रं वाचायचं आणि त्याला उत्तरं लिहायचं काम माझं. पत्र आलं की मी माजघरात बसून मोठ्यानं वाचायची. आईसाठी इतक्या मोठ्यानं वाचायची गरज नव्हती. बाबा ओटीवर दाराकडे पाठ करून बसलेले असायचे आणि मी आवाज उतरवला की खाकरायचे. त्याचा अर्थ, ऐकू येत नाही, मोठ्यानं वाच.

मेकॅनिक म्हणत होते, दुसऱ्या गाडीचा कार्बुरेटर बसवून देतो, गाडी धावेल. बाबांनी साफ नाही म्हटलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐट सोडवत नाही. मलाही तसंच वाटलं. मग एके दिवशी शाळेतून आल्यावर पाहिलं, तर माझ्या लिहायच्या टेबलावर सिगारेटच्या पाकिटाचा एक कपटा ठेवलेला. त्यावर बाबांच्या हस्ताक्षरात आकड्यांची एक लांबलचक ओळ. जळक्या डब्याच्या पट्टीवरचा नंबर होता तो. बाबा ओटीवर पाठ करून बसलेले. रात्रीच्या जेवणाआधी तो नंबर दादाच्या पत्रात गेला.

तेव्हा मला कळलं की कार्बुरेटर का नको होता. गाडी त्यानं सुरू झाली असती, तर दादाकडे मागायला बाबांजवळ काही उरलं नसतं.

दादानं तो डबा सहा महिने शोधला. प्रत्येक बंदरात उतरला की आधी जुन्या गाड्यांचा भंगारवाडा गाठायचा. शेवटी हॅम्बुर्गमध्ये मिळाला. पत्रात त्यानं लिहिलं होतं, "तशीच गाडी तिथे पडलेली होती. तिच्यात डबा लावून इंजिन चालवून बघितलं आणि मगच घेतला. बाबांना सांग, चालवून बघितला." हे वाक्य मी दोनदा वाचलं. ओटीवरून खाकरणं आलं नाही.

शेजारच्या गावचा एक खलाशी सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर डबा आला. बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत, दादाच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. आई स्वेटरच हुंगत बसली. बाबांनी डबा हातात घेतला, उलटासुलटा केला, नंबर ताडून बघितला. पण तोवर मृग लागून आठवडा झाला होता. बॅटरी काढलेली, शेड बांधलेली, वाटेवर चिखल. आता दसऱ्यापर्यंत थांबणं आलं. बाबांनी डबा परत स्वेटरमध्ये गुंडाळला, पेटीत ठेवला आणि माझ्या हातात दिला.

"याला ओल लागता कामा नये. तुझ्यावर सोपवतो, बाय."

मी मास्तरीण, घरात शिकलेली एवढी मीच, म्हणून माझ्यावर.

कोकणातला पावसाळा ज्यानं घरात बसून काढलाय, त्याला ओल म्हणजे काय ते सांगायला नको. मी पेटी लाकडी कपाटात ठेवली होती. आषाढाच्या मध्यावर सहज कपाट उघडून बघते तर बाबांच्या चपलांवर पांढरी बुरशी, माझ्या पुस्तकांना वास, आणि पेटीतला स्वेटर हाताला गार, दमट. माझा जीव उडाला. आमच्याकडे ओलीपासून जपायची वस्तू कुठे ठेवतात, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. चुलीवर. आमच्या चुलीच्या वर शिंकं टांगलेलं होतं आणि त्यातल्या टोपलीत सगळ्या घराचा जीव असायचा. पडवळाचं, काकडीचं बी, सुके बोंबील, आमसुलं, आगपेट्या. चुलीची धग आणि धूर लागला की ओलीची काय बिशाद. मी बिस्किटांची पेटी त्या टोपलीत बी-बियाण्याच्या पुरचुंड्यांमध्ये नीट बसवली. आईनं बघितलं आणि म्हणाली, "बरं केलंस."

अडीच महिने तो कॉम्प्युटर चुलीवर टांगलेला होता. सकाळी भाकऱ्या, दुपारी भात, संध्याकाळी पुन्हा भात. अंघोळीचं पाणीसुद्धा त्या वर्षी आई तिथेच तापवायची, कारण बाहेरची न्हाणीची चूल पावसात पेटत नव्हती. मधूनमधून मी वर हात घालून पेटी चाचपायची. कोरडी ठणठणीत, ऊबदार. मला मोठं समाधान वाटायचं. बाबा स्वयंपाकघरात कधी यायचे नाहीत, ताट माजघरात लागायचं. तेव्हा त्यांना ती टोपली दिसायचा प्रश्न नव्हता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पेटी उतरवली. वर काजळीचा थर बसला होता, तो रॉकेलच्या फडक्यानं पुसला. स्वेटरला धुराचा वास लागला होता, म्हणून तो धुऊन टाकला आणि डबा स्वच्छ पंच्यात गुंडाळून बाबांना दिला. मी काही लपवत नव्हते. घर आवरताना करतात तसं केलं, एवढंच. लपवण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

खंडेनवमीला बाबांनी आपली सगळी हत्यारं पाटावर मांडली, पाने, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर, आणि मध्ये तो डबा. आई कुंकवाची कोयरी घेऊन पुढे आली तर ओरडले, "त्याला कुंकू लावू नको! आत जाईल." मग डब्यावर नुसतं झेंडूचं फूल ठेवलं. बाबा त्या दिवशी चक्क गुणगुणत होते. कान अर्धे गेलेल्या माणसाचं गुणगुणणं म्हणजे सगळ्या वाडीला ऐकू जाणारं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आईनं सकाळीच आपट्याचं एक पान बाजूला काढून देवाजवळ ठेवलं होतं, दादाच्या पत्रात घालायला. बाबांनी ते बघितलं. म्हणाले, "गाडी सुरू झाली की मी लिवतो त्याला. पान मीच घालीन." आईनं माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. वर्षभरात बाबांनी दादाचा विषय तोंडानं काढायची ही पहिली वेळ. त्यांचं पत्र गेलं असतं, तर दादा बोट सोडून पहिल्या गाडीनं घरी आला असता, यात मला काडीची शंका नाही. सगळं त्या किल्लीवर येऊन थांबलं होतं.

शेडभोवती वाडीतली पंधरावीस माणसं जमली. कॉम्प्युटर बघायला. बाबांनी बॅटरी स्वतः बसवली, प्लस-मायनस दोनदा तपासलं. सीटखाली डबा सरकवला, तारांचा जुडगा दाबून बसवला. किल्ली फिरवायच्या आधी मला हाक मारली. हा डबा जिवंत असला, तर किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर मागचा पेट्रोलचा पंप दोन क्षण वाजतो आणि थांबतो. तो बारीक आवाज बाबांच्या कानांना ऐकू येत नव्हता. म्हणून मी मागे उभं राहायचं आणि सांगायचं.

"वाजला काय गो?"

मी कान देऊन ऐकलं. समुद्राची गाज येत होती. कुणाचं तरी पोर रडत होतं.

"नाही, बाबा."

त्यांनी किल्ली मागे घेऊन परत फिरवली. "आता?"

"नाही."

मग त्यांनी स्टार्टर मारला. इंजिन घर्र घर्र फिरलं आणि फिरतच राहिलं. बाबा खाली उतरून जुडगा परत बसवत होते, परत किल्ली फिरवत होते, दर वेळी मला विचारत होते, आणि मी दर वेळी नाही म्हणत होते. अर्ध्या तासात बॅटरी दमली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "कंप्युटरला पण दसऱ्याची सुट्टी हाय वाटतं," आणि लोक हसले. बाबांनी दार धाडकन लावलं.

"भंगार पाठवलान! बापाला भंगार पाठवलान, आणि वर खोटं लिवलान, चालवून बघितला म्हणून."

ते एवढ्या मोठ्यानं बोलले की लोक हसायचे थांबले. आई पान देवाजवळच ठेवून परत चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डबा सीटखालून काढला आणि तो मांडीवर घेऊन बराच वेळ ओटीवर बसले. मी दारातून बघत होते. एकदा त्यांनी तो तोंडाजवळ नेला. मला वाटलं, नंबर वाचताहेत. मग मला हाक मारली आणि म्हणाले, "शहरात नेऊन त्या रेडिओवाल्याला दाखव."

एस्टी स्टँडजवळच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांचं लहानसं दुकान होतं. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हळू, टेबलावर पोट उघडलेले रेडिओ. शहरात टीव्ही येऊ लागले होते, तेही त्यांच्याकडेच यायचे. त्यांनी स्क्रू काढून डब्याचं झाकण उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळून बघितलं.

"बाई, हे बघा. हे कंडेन्सर सगळे फुगलेत. यातला तर आतला रस बाहेर आलाय. हे वयानं होत नाही एवढं. उष्णतेनं होतं. रोज थोडं थोडं भाजल्यासारखं." त्यांनी आतून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "आणि ही काजळी. कुठे ठेवला होतात?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. शिंकं, टोपली, अडीच महिने, आणि वर हात घालून मी करून घेतलेलं ते समाधान.

"कपाटात," मी म्हटलं.

त्यांनी ते काळं बोट नाकाशी नेलं, माझ्याकडे बघितलं, आणि फडक्याला पुसलं. चार दिवस त्यांनी रेडिओचे सुटे भाग घालून खटपट केली, पण एक भाग असा होता की त्यावर नाव नाही, नंबर नाही, तसला इथे मिळायचा नव्हता. डबा परत घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "वडिलांना काय सांगू?"

"सांगा, जुनाच होता. आतून गेलेला होता."

"मी खोटं सांगणार नाही, बाई. पण मुद्दाम जाऊन सांगणारही नाही. विचारायला आले तर सांगेन."

घरी येईपर्यंत मी एस्टीत स्वतःला बजावत होते, की आज सांगायचं. दादा काळे हात घेऊन ओटीवर गेला होता, तसंच जायचं. पण त्या ओटीवर पुढे काय झालं, तेही मीच बघितलं होतं. बाबा वाट बघत बसले होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "जुना होता म्हणतात. आतून गेलेला."

"तो म्हणतो?"

"हो."

बाबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाले. पुढचे दोन महिने मी भीत होते, की ते एक दिवस शहरात जातील आणि त्या दुकानाची पायरी चढतील. ते गेले नाहीत. आपलं नशीब, असं मी समजले.

दादाची दोन पत्रं येऊन पडली होती. गाडी सुरू झाली का? मी बाबांना विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, "लिव, चालला नाय." एवढंच. पण नुसतं एवढं लिहिलं तर दादा उलट विचारणार, ठेवला कुठे होतात? तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी पुढे एक वाक्य घातलं, जे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. "बाबा म्हणतात, भंगार पाठवलंस आणि खोटं लिहिलंस." बाबांनी म्हटलेलं खरंच होतं ते, रागात, एकदा. ते तिथेच शेडमध्ये विरून गेलं असतं. मी ते नीट वळणदार अक्षरात लिहून, तिकीट लावून त्याच्यापर्यंत पोचवलं.

त्याचं उत्तर आलं, चार ओळींचं. "मी स्वतः चालवून बघितला होता. आईची शपथ. आता पुन्हा विचारू नका." त्यानंतर वर्षातून एकदा आईच्या नावानं दिवाळीचं पत्र यायचं, मी ठीक आहे, तुम्ही ठीक असाल. सुट्टीत तो मुंबईतच राहायचा. आई आल्यागेल्या प्रत्येक खलाशाला विचारायची, आमचा दिसला काय. चुलीमुळे डबा गेला असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नाही. चुलीवर ठेवलेलं बी रुजतं, मग डबा कसा मरेल?

गाडी तशीच शेडमध्ये राहिली. खाऱ्या हवेनं तिचा तळ खाल्ला, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. कार्बुरेटर बसवू या, असं मी एकदा म्हणून बघितलं. बाबा म्हणाले, "काय करायची आता गाडी?" दादा गेला त्याला पाच वर्षं झाली. मला पाहायला आलेल्या दोन स्थळांना मीच नको म्हटलं. आईबाबांजवळ कोण राहणार, हे कारण सगळ्यांना पटलं. खरं कारण, माझ्यामुळे रिकामी झालेली जागा भरायची होती, आणि ती भरत नव्हती.

दशक सरता सरता बाबांना दम्यानं अंथरुणाला खिळवलं. श्रावणातली दुपार होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. मी बाबांना उशीला टेकवून काढा पाजत होते आणि त्यांच्या छातीचं ते घरघरणं ऐकताना मला एकदम तो स्टार्टर आठवला. पेला खाली ठेवला आणि सांगून टाकलं. कपाट नव्हे, चूल. अडीच महिने. रेडिओवाल्यांचं काळं बोट. पत्रात घातलेलं वाक्य. ऐकू जावं म्हणून मला ते सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. आपल्याच घरात ओरडून गुन्हा कबूल केला.

बाबा डोळे मिटून पडले होते. मग म्हणाले, "पत्रातला माहीत नव्हता. बाकी ठाऊक होता."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही.

"सीटखालनं काढला तेव्हाच वास आला, गो. तीस वरसं इंजिनरूममधी काढली मी. जळल्या वायरचा वास नि चुलीच्या धुराचा वास मला कळत नाय?"

"मग मला का बोलला नाहीत? दादाला का नाही लिहिलंत?"

त्यांना श्वास पुरत नव्हता. थांबून थांबून बोलले. "त्याला म्हटला, घरात पाय ठेवू नको. तो गेला. तुला पण तसाच कायतरी म्हटला असता. मला माझा तोंड माहीत हाय. तू गेली असतीस, तर आमच्याजवळ राहिला कोण असता?"

आईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

थोड्या वेळानं बाबा म्हणाले, "आता लिव त्याला." मी लिहिलं, माझ्याबद्दलचं सगळं, चुलीपासून त्या वाक्यापर्यंत. आई उठून देवाजवळ गेली. पाच वर्षांपूर्वीचं आपट्याचं पान तिनं अजून जपून ठेवलं होतं, वाळून तपकिरी झालेलं. बाबांनी ते स्वतः पाकिटात घातलं. घालताना त्याचा एक तुकडा गोधडीवर पडला.

बोटीवरचं पत्र कंपनीच्या कचेरीतून फिरत फिरत जातं. ते दादाला मिळेपर्यंत गणपती येऊन गेले होते आणि बाबाही गेले होते. तारही त्याला उशिरा मिळाली. त्याचं उत्तर दिवाळीनंतर आलं. पान मिळाल्याचं लिहिलं होतं. माझ्यावर राग नाही असं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "एकच विचारतो, खरं सांग. बाबांना हे आत्ता कळलं, की तेव्हापासून माहीत होतं?"

मी त्या ओळीसमोर दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पेन उचललं. आई येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, काय लिवलंस ते मोठ्यान वाच.

मी वाचलं, "दादा, त्यांना आत्ताच कळलं. आधी काहीच माहीत नव्हतं. कळलं त्याच दिवशी त्यांनी पान घातलं."

आईनं अंगणातल्या गाडीच्या शेडकडे बघितलं. मग म्हणाली, "हां. तसाच लिव."